पयले पिसं उचला

भोयर काकाजींनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. तोवर ते माझ्या पायांशीच बोलत होते. आम्ही नागपूरच्या या ले-आउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सामान उतरत होतं आणि मी फाटकाशी उभी राहून, कपाट कसं धरायचं ते हमालांना शिकवत होते. शेजारच्या कुंपणापलीकडून एक उंच, किडकिडीत गृहस्थ मान खाली घालून माझ्या चपलांकडे टक लावून पाहत होते. इस्त्रीचा बुशशर्ट, डोक्याला तेल, आणि ऐन मे महिन्यात पायात चॉकलेटी मोजे.

"डावा पाय मोठा हाय तुमचा," ते म्हणाले. "माहीत हाय का तुमाले?"

मला माहीत नव्हतं.

"डाव्या बुटात करंगळी चावत असंल न?"

चावत होती. कॉलेजात असल्यापासून चावत होती, आणि त्याचं खापर मी दरवेळी बूट बनवणाऱ्यांवर फोडत आले होते.

"डाव्याच्या मापानं घेत जाजा. उजव्यात थोडा कापूस टाकायचा. दुकानवाले उजवा पाय मोजतात न मोकळे होतात, त्याइले काय करा लागते!" एवढं बोलून ते आत गेले. नाव नाही, गाव नाही, 'कुठून आलात' नाही. मी शाळेत भूगोल शिकवते हे नंतर त्यांना कळलं आणि तेव्हापासून मी त्यांची मास्तरीणबाई झाले, पण खरी ओळख माझ्या डाव्या पायाशीच झाली होती.

सदर बाजारात त्यांचं बुटांचं दुकान होतं. उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून काढला आणि त्याचा त्यांना भलताच अभिमान होता. "चेहऱ्याले पावडर लावता येते, मास्तरीणबाई. पायाले कोन लावते? माणूस खरा कसा हाय ते खालूनच समजते," असं ते म्हणत, आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या टाचेच्या भेगा पाहून घेत. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. नवा बूट गिऱ्हाइकाच्या पायात चढवण्याआधी काकाजी स्वतःचा हात आत घालून तळ चाचपायचे. कुठं खिळा वर आला आहे का, शिवण टोचते आहे का. कितीही गर्दी असो, दिवाळीचा आदला दिवस असो, हात आत गेल्याशिवाय पाय आत जायचा नाही. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, मुलगा बंगळूरला नोकरीत रमला आणि काकाजींनी दुकान भाड्यानं दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. "म्हणजे बूटच की! फक्त मोबाइलचे," असं ते स्वतःची समजूत घातल्यासारखं सांगत.

दुकानातून त्यांनी घरी एकच वस्तू आणली. गिऱ्हाइकाचा पाय ठेवायचं ते उतरत्या फळीचं बुटकं स्टूल. शकूकाकूंना ते मुळीच पसंत नव्हतं. शकूकाकू म्हणजे काकाजींच्या पत्नी. ठेंगण्या, गोल, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला पहिल्या हाकेत वळायचा. नवऱ्याचा उल्लेख त्या नेहमी 'आमचे दुकानदार' असा करत. "दुकान गेलं, पण आमचे दुकानदार काही गेले नाही," त्या मला सांगायच्या. "दूधवाल्याचे पाय पाह्यतात, गॅसवाल्याचे पाय पाह्यतात. परवा माह्या भाचीले पाहाले पाहुणे आले, तर पोराच्या बापाले म्हणे, तुमचा घोटा सुजला हाय, किडनी तपासून घ्या! जमलं असतं लग्न, मोडलं न."

रिकामा दुकानदार घरात किती जड होतो हे त्या काकूच जाणोत. पण पुढच्या हिवाळ्यात काकाजी कळमेश्वरला कुणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेले आणि येताना ऑटोत चार कोंबड्या घेऊन आले. म्हणजे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या कसल्या, लहान मुलाएवढ्या उंच, गुबगुबीत, संथ चालणाऱ्या बाया होत्या. आणि त्यांच्या पायांवर, थेट नखांपर्यंत, पिसं.

"मोजे घातले हाय पायात!" काकाजी फाटकातूनच ओरडले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता. "पाहा न वं बाई, देवानं पायात मोजे घालून पाठवलं! आता सांगा, मी सोडून येऊ शकत होतो का याइले?"

ले-आउटमधले बाकीचे लोक कोंबड्यांकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होते. "काकाजी, रस्सा कधी?" असं दोघातिघांनी विचारलं. काकाजींनी त्या सगळ्यांशी आठवडाभर अबोला धरला. कोंबडीसाठी अबोला धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. लकडगंजहून काकूंचे धाकटे भाऊ, बंडूमामाजी, यांनी आपल्या लाकडाच्या वखारीतून फळ्या आणि दांड्या पाठवल्या आणि मागच्या अंगणात खुराडा उभा राहिला. कोंबड्यांचं बारसंही झालं. कोंबड्याचं नाव गमबूट. कोंबड्या मोजडी, सँडल आणि पंपशू. त्यातली मोजडी काकाजींची लाडकी. ते खुर्चीत बसले की ती येऊन त्यांच्या मोज्यांवर आपले मोजे ठेवून उभी राहायची.

मोजडीच्याच पायात काहीतरी पांढरं आहे हे पहिल्यांदा काकूंच्या ध्यानात आलं. पिसं जराशी बाजूला झाली की खाली पायाला खडबडीत, पांढरट थर दिसायचा. काकाजींनी कळमेश्वरच्या त्या विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अजी काकाजी, चुना हाय तो. खुराड्याले चुना मारला होता आमी, त्यातच फिरल्या त्या. धुऊन टाका, निघून जाते."

चुना म्हटल्यावर काकाजींचं दुकानदारी डोकं चाललं. बुटावरचे पांढरे डाग त्यांनी जन्मभर काढले होते. चुन्याला आंबट लागतं, म्हणून त्यांनी लिंबू पिळलं आणि बुटाच्या ब्रशनं मोजडीचे पाय घासायला घेतले. थर निघेना. आणखी जोरात घासलं. मोजडीनं असा आक्रोश केला की मी हातातल्या पोळीसकट कुंपणाशी आले. पायातून रक्त येत होतं. काकाजी ब्रश हातात धरून तसेच बसून राहिले आणि काकू त्यांना जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मोजडी एका पायावर उभी होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं जळकं ऑइल लावायचा सल्ला दिला, 'आमच्या गावी तेच लावतात' म्हणून. एकदा हात पोळलेल्या काकाजींनी मात्र यावेळी मला स्कूटर काढायला लावली. टोपलीत मोजडी, मागच्या सीटवर टोपली धरून काकाजी, अशी आमची वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी मोजडीला टेबलावर आडवं केलं, बोटानं पायाची पिसं उलटी सारली आणि एका नजरेत सांगितलं, "काका, हा चुना नाही. कीड आहे. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. पायाच्या खवल्यांखाली शिरते, तिथेच घर करते. खवले वर उचलले जातात आणि खाली हा पांढरा भुगा साचतो. पाय वाकडे होऊन बसतात हळूहळू."

"पण तो तर चुना म्हणे..." काकाजी म्हणाले, आणि एकदम थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे त्यानं मलेच चुना लावला!"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेर बकरी घेऊन बसलेला माणूस आत डोकावला. मग त्यांनी नीट समजावलं. साध्या कोंबडीचे पाय उघडे, म्हणून तिचं दुखणं लवकर दिसतं. हिच्या पायांवर पिसं, त्यामुळे आतल्या आत वाढत जातं आणि लंगडायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. खरवडायचं नाही, घासलेट नाही, जळकं ऑइल नाही, त्यानं कातडी जळते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, थर मऊ झाला की दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं वरून खाली हलक्या हातानं पुसायचं, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडं करायचं आणि व्हॅसलीन असं दाबून भरायचं की खवल्याखाली हवा राहता कामा नये. कीड गुदमरून मरते. दर आठवड्याला, सगळ्यांचे पाय, एकीचेच नाही. खुराड्यातल्या दांड्या उकळत्या पाण्यानं धुवायच्या, कारण लाकडाच्या भेगांतही ती लपते. वजन करून त्यांनी औषधाचे थेंबही दिले आणि 'मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत' असं बजावलं.

"आणि काका," निघताना त्या म्हणाल्या, "मोजेवाल्या कोंबड्या पाळायच्या तर एक सवय लावून घ्या. पिसं उचलून पाहायची."

हे वाक्य काकाजींनी उचललं ते कायमचं. दुसऱ्या दिवसापासून 'पयले पिसं उचला' हा त्यांचा मंत्रच झाला. भाजीवाल्याची वरच्या थरातली कोवळी भेंडी पाहून मी पिशवी पुढे केली की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "मास्तरीणबाई, पयले पिसं उचला!" आम्ही एका नव्या स्कीममध्ये फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा काकाजी हट्टानं बरोबर आले. गुळगुळीत फरशा आणि झुंबर यांच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ न्हाणीघरात गेले, बेसिनखाली वाकले आणि ओल आलेली भिंत दाखवून म्हणाले, "हे पाहा. मोज्याच्या आत चुना." तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. टीव्हीवर कुणी गोड बोलायला लागला की ते काकूंना म्हणत, "याचे पिसं कोनीच उचलत नाही वं!"

आणि रविवार सकाळी त्यांच्या मागच्या अंगणात जे चालायचं ते पाहायला मी चहाचा कप घेऊन जात असे. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी काकूंच्या मांडीवर. समोर काकाजी पाटावर बसलेले आणि मध्ये दुकानातलं ते उतरत्या फळीचं स्टूल, त्यावर कोंबडीचा पाय. जन्मभर गिऱ्हाइकाचा पाय जसा हातात घेतला तसाच ते मोजडीचा पाय हातात घेत. "बसा मॅडम, घाई नाही," असं तिला खरोखर म्हणत. सँडल निमूट बसायची, पंपशू झोपी जायची आणि गमबूट दर रविवारी काकूंच्या पदरात घाण करायचा. "सेवा करा न वरून हे झेला," काकू म्हणायच्या, पण त्यांनी कधी रविवार चुकवला नाही.

पावसाळ्यात दुसरंच संकट. आपली काळी माती! ती त्या पायांच्या पिसांत अशी लपेटायची की वाळली की प्रत्येक बोटाला एकेक गोटी. ओढली तर पीस मुळासकट उपटायचं आणि रक्त यायचं. मग पुन्हा टब, पुन्हा भिजवणं, बोटांनी हळूहळू गोटी विरघळवणं. काकाजींनी अंगणात जाड रेती पसरली, लाकडाचा भुसा टाकला आणि ओलं झालं की बदलत राहिले. पुढच्या वर्षी जुने खवले गळून नवे आले तेव्हा मोजडीचे पाय पिवळेधमक, गुळगुळीत झाले होते. काकाजींनी मला हाक मारून बोलावलं आणि पिसं उचलून दाखवलं. "आता सांगा, शोरूममधला पीस वाटते का नाही?" मला त्या क्षणी ते फार आवडले. एखादा माणूस एवढ्याशा गोष्टीवर एवढा खूश होऊ शकतो, हे पाहूनच बरं वाटलं.

स्वतःचे मोजे मात्र ते काढत नसत. उन्हाळ्यात नागपूरची गादीसुद्धा तापते, आणि हा माणूस घरात, अंगणात, चपलांत, बुटांत, सदैव चॉकलेटी मोज्यांत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बुटाच्या धंद्यात बिनामोज्याचा माणूस म्हणजे उघडाच समजा. सवय हाय." त्यांना साखरेचा आजार होता, गोळी चालू होती, आणि गोळी चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं त्यांचं मत होतं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ते जरा लंगडायला लागले. "गुडघा," म्हणाले. काकूंनी तेल आणलं. गुडघ्याला तेल लागत राहिलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी नेहमीसारखी चहा घेऊन अंगणात उभी होते. काकू स्वयंपाकघरातून दांड्या धुवायला उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आल्या, आणि गमबूट नेमका त्यांच्या पायांत आला. काकू हेलपाटल्या. पातेल्यातलं पाणी हिंदकळून काकाजींच्या उजव्या पायावर पडलं. मोज्यातून वाफ निघाली. मी किंचाळले. काकू किंचाळल्या. काकाजींनी वर पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

खरंच विचारलं. त्यांना काही झालंच नव्हतं. मोजडीचा पाय हातात तसाच होता.

मग काकूंनी पातेलं खाली ठेवलं. मोजडीला उचलून बाजूला केलं. पायावर गार पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "मोजा काढा."

"कायले? काही नाही झालं. थोडंसं शिंतोडं उडालं."

"मोजा काढा म्हणते न मी."

"अवं, लोकं पाहून राहिले." लोक म्हणजे मी.

काकू त्यांच्यासमोर खाली बसल्या, तो पाय उचलून स्टुलाच्या उतरत्या फळीवर ठेवला आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की हा आवाज त्यांच्याकडे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "साऱ्या दुनियेले सांगत फिरता न? मंग आता मी सांगून राहिली तुमाले. पयले पिसं उचला."

काकाजींनी मान फिरवली. काकूंनी मोजा सोलल्यासारखा काढला. पाय भाजल्यानं लाल झाला होता, पण ते काहीच नव्हतं. अंगठा काळा पडला होता. त्याच्या तळाशी जखम होती, आणि त्या जखमेत पांढरं काहीतरी दाबून भरलेलं होतं.

"हे काय हाय?" काकूंनी विचारलं.

"व्हॅसलीन," काकाजी म्हणाले. मोजडीचं. कोंबडीचा पाय बरा झाला म्हणून ते महिनाभर गुपचूप आपल्या जखमेत तेच भरत होते आणि वरून मोजा चढवत होते. कीड गुदमरून मरते म्हणून. मला हसू आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी चहाचा कप हातात घेऊन नुसती उभी राहिले.

स्कूटर पुन्हा निघाली, यावेळी माणसांच्या दवाखान्याकडे; काकू काकाजींचे बूट पिशवीत टाकून ऑटोनं मागोमाग आल्या. तिथल्या सर्जननी जखम पाहून विचारलं, "यावर कुठलं मलम लावलंत?" काकू म्हणाल्या, "कोंबडीचं." ते नव्या कंपनीचं नाव असावं असं वाटून सर्जननी कागदावर लिहूनही घेतलं. जखम कशानं झाली ते काकाजींना सांगता येईना. साखरेनं पायाची वाचाच गेली होती, दुखलं तरी पाय सांगणार कसा? शेवटी मी त्यांचा बूट उचलला आणि त्यांच्याच रीतीनं हात आत घातला. अंगठ्याच्या जागी तळातून खिळा वर आला होता. बारीकसा. ज्यानं हजारो बुटांत हात घातला त्यानं स्वतःच्या बुटात कधी घातला नव्हता. मी बूट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिळा पाहिला आणि म्हणाले, "दुकान सोडलं न मास्तरीणबाई, रीतही तिथंच सोडली मी."

अंगठा जाणार हे तिथेच ठरलं. प्रश्न होता पायाचा. सर्जन म्हणाले, आत कुठवर पसरलंय ते कापल्यावर कळेल, घोट्यावरून किंवा गुडघ्याखालून काढावा लागला तर तयारी ठेवा. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "धुऊन-पुसून, हलक्या हातानं केलं तर वाचते का?" सर्जन म्हणाले, "प्रयत्न करू." काकू म्हणाल्या, "तुमी कापा तेवढं. बाकीचं मले येते."

आणि त्यांना खरंच येत होतं. उजव्या पायाचा अंगठा गेला, पण पाय जागेवर राहिला. त्यानंतर तो पाय टिकवायचा हे काकूंचं काम झालं. दिवसातून दोनदा नर्सनं शिकवल्याप्रमाणे जखम साफ करणं, नवी पट्टी, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं. पाणी आधी स्वतःच्या कोपरानं पाहायचं, मग पाय आत. गोळी वेळेवर, साखर मोजलेली, आणि चॉकलेटी मोजे सगळेच्या सगळे भांडेवालीला देऊन टाकलेले. बंडूमामाजी लकडगंजहून येऊन बसायचे, काकाजींची थट्टा करायचे, "भाऊजी, आता तुमी पण कळमेश्वरले विकाले न्यायच्या लायकीचे झाले." काकाजी उत्तर द्यायचे, "मले कोन घेईन गा? एक नग कमी हाय." मग दोघं हसायचे आणि काकू स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावायच्या. एकदा मी पाहिलं, तो पदर हसू लपवायला नव्हता.

जखम भरायला उन्हाळा लागला. पहिल्यांदा चालत कुंपणापर्यंत आले तेव्हा काकाजी बिनामोज्यांच्या पायांनी, पायातल्या सँडलचे पट्टे सैल सोडून आले होते. त्या पायांचं ऊन न लागलेलं, गोरं कातडं पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं. "नऊ नंबर घालत होतो," ते म्हणाले, "आता एक नऊ न एक साडेआठ. दुकान असतं तर जोडी फोडून विकावी लागली असती." डॉक्टरनं घट्ट काही घालायचं नाही असं सांगितलं होतं. काकूंनी त्याची अशी दवंडी पिटली की पोस्टमनलासुद्धा ठाऊक झालं, भोयर काकाजींच्या उजव्या पायाला घट्ट चालत नाही.

रविवारचा क्रम बदलला. पहिला नंबर काकाजींचा. काकू पाटावर, काकाजी खुर्चीत, पाय स्टुलावर. तळवा, टाच, बेचक्या, नखं, सगळं पाहून झालं की मग कोंबड्या. मोजडी आधी रागावली, मग समजली आणि आपली पाळी येईपर्यंत काकाजींच्या खुर्चीखाली बसू लागली. "बसा साहेब, घाई नाही," असं काकू म्हणायला शिकल्या होत्या. मी चहा घेऊन जायचे, आणि एक दिवस माझाही पाय त्या स्टुलावर घेतला गेला. "डावा मोठा हाय," काकू म्हणाल्या, अगदी नवीन काहीतरी सापडल्यासारख्या.

असे रविवार दोनेक वर्षं मिळाले. मग एका थंडीत, जेवून आडवे झालेले काकाजी दुपारच्या चहाला उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. पायाचा त्यात काही दोष नव्हता, हे काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. "पाय चांगला होता त्याइचा. काल पाह्यला मी." मुलगा विमानानं येईपर्यंत घर माणसांनी भरलं. ले-आउटमधले, सदरमधले, जुनी गिऱ्हाइकं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बुटांकडे बोट दाखवून सांगत होते की हे भोयरनं दिलेले आहेत, अजून चावत नाहीत.

आंघोळ घालून झाली. आपल्याकडे पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात. ते काम बंडूमामाजींकडे होतं. सुतळीचा तुकडा घेऊन ते पायाशी बसले, पांढऱ्या कापडाची कड वर केली आणि थांबले. डावा अंगठा होता. उजवा नव्हता. मामाजींना हे ठाऊक होतं, दोन वर्षं ते त्यावरच थट्टा करत आले होते, पण हात मात्र सवयीनं अंगठा शोधत गेला होता. सुतळी तशीच धरून ते इकडेतिकडे पाहू लागले. कुणी म्हणालं, राहू द्या. कुणी म्हणालं, शास्त्र आहे, काहीतरी करा. खोलीतली कुजबूज वाढली.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, माणसांतून वाट काढत आल्या आणि भावाशेजारी, पायाशी बसल्या. दोन्ही पाय त्यांनी हातात घेतले. सवयीनंच असेल, उजव्या पायाच्या बेचक्यांतून पदराचं टोक फिरवलं, कुठं ओल राहिली आहे का ते पाहिलं. मग अंगठ्याच्या जागेशेजारचं बोट धरून पुढे केलं.

"याले बांध गा, बंडू," त्या म्हणाल्या. "हे वाचवलेलं हाय."

मामाजींनी सुतळी दोन्हीभोवती फिरवली. गाठ मारायला लागले तसा काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ढिलं बांधजो," त्या म्हणाल्या. "त्या पायाले घट्ट चालत नाही."